सुतकातलं पाणी

निधी: पाचही पिंपं, आई? एकसुद्धा ठेवलं नाहीत?

वनमाला: कशाला ठेवू? काल लेकाचं दहावं झालं, सुतक फिटलं. माठ बदलला, घरातलं पाणी ओतलं, खिडकीतल्या त्याच्या बाटल्यासुद्धा ओतल्या. मग गच्चीवरचं तेवढं ठेवायचं? हिरवंगार, वास मारणारं! सकाळपासून एकटी ओततेय. तू कुठे होतीस?

निधी: ते साठवणीचं पाणी नव्हतं.

वनमाला: पिंपात भरलेलं पाणी साठवणीचं नाही, तर कसलं गं? दुसरीपर्यंत शिकले म्हणून मला पाणी कळत नाही?

निधी: पीक होतं ते. सर्वेशचं.

वनमाला: शेवाळाचं पीक! आमच्या गावी शेवाळावरून माणसं पडतात नि हाडं मोडून घेतात.

निधी: हे दगडावरचं नव्हे. डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक, पाण्यात सुटं तरंगतं. सुकवलं की जळण होतं. शेत नको, झाड तोडायला नको.

वनमाला: मग तो जायचा त्या कॉलेजातून दुसरं आण. तिथे ढीग असेल.

निधी: त्यांचं काचेच्या नळ्यांत वाढतं, विकतच्या खतावर. म्हणून तर कुणाला परवडत नाही. याचं मासळीच्या धुवणावर वाढायचं, कांजूरच्या उन्हात. दर मे महिन्यात अर्धं मरायचं. जे तगेल त्याचंच तो पुढे बियाणं धरायचा. तीन वर्षं, आई.

वनमाला: म्हणून बाजारातल्या कुंदा कोळणीकडून कॅन भरभरून आणायचा? मी म्हणायचे, वायरमनचं काम टाकून घाण काय वाहतोस, मेल्या.

निधी: तुम्ही सगळ्यांनाच म्हणता तसं.

वनमाला: त्याला रोज म्हणायचे.

निधी: ...आज कॉलेजातल्या शर्मिष्ठा मॅडमना भेटायला गेले होते. मंगळवारी येऊन बियाणं नेणार होत्या. कॉलेजात जपणार होत्या, सर्वेशच्या नावानं.

वनमाला: नावानं?

निधी: हो.

वनमाला: मला आधी सांगायचंस ना.

निधी: तुम्ही कधी विचारलंत? तीन वर्षांत गच्चीवर पाऊल नाही तुमचं.

वनमाला: गुडघे दुखतात माझे. जाऊ दे, खोटं कशाला बोलू? बघायचंच नव्हतं मला.

(निधी एक पिंप कलतं करून आत डोकावते.)

निधी: आई, पिंपं घासलीत?

वनमाला: ओतूनच दम निघाला. आता घासणार होते.

निधी: ती घासणी खाली ठेवा. इथे कडेला बोट फिरवा.

वनमाला: बुळबुळीत लागतंय. हिरवं.

निधी: सुकायच्या आत पाण्यात गेलं तर जगेल कदाचित.

वनमाला: थांब, नळाचं आणते.

निधी: त्यात औषध असतं, आहे तेही मरेल. ह्याला मासळीचं धुवणच हवं. आणि तेरावं होईपर्यंत आपल्याकडे मासळी...

वनमाला: सूर्य कुठे आलाय?

निधी: डोक्यावर. तासाभरात सुकेल सगळं.

वनमाला: कॅन दे इकडे.

निधी: तुम्ही जाणार? बाजारात? लोक काय म्हणतील, काल दहावं नि आज...

वनमाला: माझ्यासमोर म्हणून दाखवू दे कुणी. तू पिंपं सावलीत ओढ.

निधी: कुंदा विचारेल, कुणाला हवंय.

वनमाला: सांगेन, सर्वेशनं मागवलंय.