ताईचा ताल

कॉलेजच्या कॅमेरे देण्याच्या खिडकीमागे बसलेल्या काकांना रांगेतल्या एका मुलाचं आणि मुलीचं बोलणं ऐकू येत होतं.

"व्हिडिओ संथ करायचा होता, तर शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. ताई भरभर गायली असती, नंतर संथ केल्यावर ओठ गाण्याशी बरोबर जुळले असते."

"हे आज कळलं तुला? काल तर सख्ख्या बहिणीला म्हणालास, तुला तालच नाही."

"तूही मान डोलावलीस."

"उद्या प्रोजेक्ट द्यायचंय. ती पुन्हा येईल?"

"कॅमेरा बिघडला होता म्हणून सांगू."

त्यांची पाळी आली. काकांनी विचारलं, "कॅमेरा परत कशाला हवाय? बिघडला होता का?"

"नाही काका, कॅमेरा ठणठणीत आहे," मुलगी म्हणाली आणि मुलाच्या हातात फोन ठेवला. "लाव. ताईलाही हेच सांग."