कपाळावर मॉरिस, तोंडात ऑस्टिन

…आणि वर मलाच विचारतात हो, "ऑड्रे, तू नक्की कुणाच्या बाजूची?" बाजू? कसली बाजू? गाडीला दोनच बाजू असतात, एकीकडे नवरा बसतो आणि दुसरीकडे मी बसते, मांडीवर नकाशा, पायाशी चहाचा थर्मास, तोंडात पेपरमिंट! तिसरी बाजू मला ठाऊक नाही. पण आमच्याकडे आहेत ना बाजू! माहेर ऑस्टिनचं, सासर मॉरिसचं, आणि मी मधल्या मध्ये गेली चाळीस वर्षं अंड्याची सँडविचं करतेय, दोघांसाठी!

तुम्हाला सांगते, गाडी एकच आहे. मिनी. एवढीशी. चाकं तीच, इंजिन तेच, पाणी उडालं की बंद पडायची खोडही तीच. पण कंपनी पडली दोन घराण्यांची, ऑस्टिन आणि मॉरिस, दोघांनी आपसांत लग्न लावून संसार एक केला खरा, पण दोन्हीकडची गिऱ्हाइकं रुसायला नकोत ना! मग काय केलं, अर्ध्या गाड्यांच्या तोंडाला जाड पट्ट्यांची जाळी लावली, कपाळावर एक बिल्ला ठोकला, म्हणे ही मॉरिस. उरलेल्यांना बारीक पट्ट्यांची जाळी, दुसरा बिल्ला, म्हणे ही ऑस्टिन. संपलं! गाडी तीच हो, नाव तेवढं निराळं!

हे मी कुणाच्या जिवावर बोलते? माझ्या बाबांच्या. बाबा लाँगब्रिजला ऑस्टिनच्या कारखान्यात बिल्ले बसवायचे. म्हणायचे, "पोरी, डाव्या हाताला ऑस्टिनच्या बिल्ल्यांचं खोकं, उजव्या हाताला मॉरिसच्या बिल्ल्यांचं. मुकादम ओरडला 'मॉरिस!' की उजवीकडे हात घालायचा. त्याच वेळी शिंक आली की झाली ऑस्टिन!" आणि हसायचे, खो खो खो! आता हे मी नवऱ्याला सांगू? ज्या माणसाने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "ऑड्रे, मॉरिसच्या इंजिनाचा आवाज बघ, त्याला एक… एक घरंदाजपणा आहे," त्याला? नाही सांगितलं. संसार करायचा होता मला.

नवरा म्हणजे हेडली. हेडली बॅगशॉ. याचे वडील काउलीच्या मॉरिस कारखान्यात रंगखात्यात, आणि आमच्या भागातल्या मॉरिस मंडळाचे संस्थापक. मोठा करारी माणूस, ब्लँकेटसारख्या मिश्या. आणि माझा भाऊ राल्फ, तो ऑस्टिनवाला. या दोघांनी एकाच वर्षी, एकाच महिन्यात, समोरासमोरच्या दोन दुकानांतून एकच गाडी घेतली. हेडलीची मॉरिस, राल्फची ऑस्टिन. आणि तेव्हापासून रस्त्यात एकमेकांना दिवा दाखवत नाहीत! हो, तो रिवाजच आहे. समोरून मॉरिस आली की मॉरिसवाल्याने दिव्याची उघडझाप करायची, हात वर करायचा, जसा काही युद्धावरचा सोबती भेटला. ऑस्टिन आली की खिडकीबाहेर गाईगुरं बघायची. स्वतःचा मेहुणा समोरून येतोय, मी इकडून हात हलवतेय, आणि आमचे हे गाईगुरं बघतायत!

आणि माझे हातमोजे! ते तर राहिलंच. तुम्हाला सांगते, या गाडीत इंजिनाच्या अगदी पुढच्या अंगाला, जाळीच्या बरोबर मागे, ठिणगीचा डबा असतो, डिस्ट्रिब्यूटर. ओढ्यातून गाडी गेली की पाणी थेट त्याच्या तोंडावर, आणि गाडी ठप्प. त्यावर उपाय काय, तर भांडी घासायचा रबरी हातमोजा! डब्यावर चढवायचा, चार बोटांतून चार तारा काढायच्या आणि अंगठ्यातून पाचवी. अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. सगळे रॅलीवाले करतात. पण मोजा कुणाचा जातो? माझा! तोही जोडीतला एकच, नेहमी उजवा. आमच्या ओट्याखाली डाव्या हाताचे मोजे किती साठलेत ते येऊन बघा एकदा.

राल्फ मात्र मोजा लावत नाही. "ऑस्टिनला मोजे लागत नाहीत, ते मॉरिसवाल्यांचे लाड." अरे बाबा, गाडी तीच ना रे, नाव तेवढं निराळं! पण ऐकतो कोण?

बरं, तर ही या वसंतातली रॅली. श्रॉपशरच्या त्या बोळांमधून, क्लनपासून लडलोपर्यंत, दोन्ही मंडळांची मिळून एकच, कारण वाटेवर उभे राहून वेळा टिपणारे मार्शल कुणाकडेच पुरेसे उरलेले नाहीत. पण कप दोन! पहिल्या आलेल्या मॉरिसला मॉरिसचा, पहिल्या आलेल्या ऑस्टिनला ऑस्टिनचा. आणि हेडलीला तो मॉरिसचा कप हवा होता. हवा म्हणजे… कसं सांगू? हा तरुण असताना कप द्यायला याचेच वडील उभे असायचे, आणि दर वर्षी त्यांच्या हातून तो कप दुसऱ्याच कुणाला तरी जायचा. हा खाली टाळ्या वाजवायचा. वडील कधी बोलले नाहीत, पण ते न बोलणंसुद्धा याने जपून ठेवलंय. आणि यंदा डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, "मिस्टर बॅगशॉ, हा वसंत चालवा, पुढे नको." म्हणजे आता नाही तर कधीच नाही. त्या दिवशी घरी येऊन याने गाडी पुसली, धुतली, परत पुसली, आणि रात्रीचं जेवला नाही. मला वाईट वाटलं हो. मी आपण होऊन नवा मोजा काढून दिला.

निघालो. मी नकाशा वाचतेय, "हेडली, पुढे डावीकडे." "कुठलं डावीकडे?" "अरे, डावीकडे म्हणजे काय दोन-तीन असतात का?" हे सगळं नेहमीचंच. पण यंदा हा चालवत काय होता! डोळे बारीक करून, नाक काचेला लावून, पण एकही वळण चुकला नाही. मॉरिसवाल्यांत आम्ही सगळ्यांत पुढे. मग ओढा आला. ओढ्याच्या मधोमध कोण? राल्फ! गाडी ठप्प, हा पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभा, रुमालाने डबा पुसतोय. हेडलीने काच खाली केली. मला वाटलं, आता विचारपूस करील. तर म्हणतो कसा, "राल्फ, मोजे लागतात का रे ऑस्टिनला?" आणि निघाला! माझा सख्खा भाऊ पाण्यात… आणि मी? मी हसले. खोटं कशाला बोलू.

ते हसू काही फार टिकलं नाही. पुढच्याच बोळात मेंढा! रस्त्याच्या मधोमध, इकडे तिकडे न बघता उभा. हेडलीने करकचून ब्रेक लावला, गाडी थांबली. आमच्याकडून सगळं नियमाने झालं होतं. पण मेंढ्याला नियम कुठले! तो चार पावलं मागे गेला, आमच्याकडे बघितलं, आणि आला की हो धावत! धाड्! जाळीवर! जाळी अशी आत गेली, अशी दुमडली… मेंढा निवांत बाजूला जाऊन गवत खायला लागला. गाडीला बाकी काही नाही. पंखा फिरतोय, मोजा जागच्या जागी, कपाळावर बिल्ला चकचकीत. फक्त तोंड नाही.

"आता?" मी म्हटलं. "चालतेय ना गाडी? चल की!" हेडली पांढराफटक. "ऑड्रे, जाळीशिवाय नाही चालत. नियम आहे." नियम कुणाचा? सासऱ्यांचा! फार पूर्वी एका ऑस्टिनवाल्याने आपल्या गाडीच्या कपाळावर मॉरिसचा बिल्ला चिकटवून कप पळवायचा घाट घातला होता, तेव्हा मामंजींनी मिश्या फेंदारून दोन्ही मंडळांना मान्य करायला लावलं, की बिल्ला काय कुणीही चिकटवील, गाडी कुणाची ते जाळीवरून ठरवायचं. जाळी नाही तर गाडी बेनामी, कप नाही. हेडली ती दुमडलेली जाळी गुडघ्यावर घेऊन सरळ करायला बसला. एक पट्टी तुटली. मग दुसरी तुटली. मग तो नुसताच बसला.

इतक्यात मागून भुर्रर्र, राल्फ! गाडी सुरू झाली होती, पण याची वेळ केव्हाच टळलेली, रॅलीतून बाद. चहा प्यायला निघाला होता लडलोला. थांबला, उतरला, बघितलं. मला वाटलं, आता हा सगळं व्याजासकट परत करणार. पण राल्फने हेडलीच्या तोंडाकडे बघितलं. गेला, स्क्रूड्रायव्हर काढला, आणि स्वतःच्या गाडीची जाळी काढून हेडलीसमोर धरली. "घे."

"ऑस्टिनची?"

"नाही, बकिंगहॅम पॅलेसची! घे म्हणतो ना, म्हाताऱ्या! शेवटची रॅली आहे तुझी. पोच तरी धड."

"राल्फ, ती जाळी लावली की गाडी…"

"गाडी तीच रे हेडली," मी म्हटलं, "नाव तेवढं…"

"ऑड्रे, एक शब्द बोलू नकोस!"

नाही बोलले. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लावली मी जाळी. बाबांची मुलगी आहे! हेडली कुंपणाकडे तोंड करून उभा, जसं काही माणसाचं ऑपरेशन चाललंय. स्क्रू बसले, भोकं जुळली, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. का नाही जुळणार?

पोचलो. वेळेत! मॉरिसवाल्यांत पहिले! सभागृहाबाहेर मॉरिस मंडळाचे अध्यक्ष मिस्टर पिल्किंग्टन हात पसरून धावत आले, "हेडली! शाब्बास! तुझे वडील आज…" आणि नजर गेली जाळीवर. थांबले. खाली वाकले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हेडली… हे काय? कपाळावर मॉरिस आणि तोंडात ऑस्टिन?" हेडलीने सांगितलं, मेंढा, बोळ, राल्फ. आता मला सांगा, सगळे त्याला ओळखतात, गाडी ओळखतात, पिल्किंग्टन स्वतः त्या गाडीत बसून लग्नाला गेलेत! करायचं की दुर्लक्ष! आणि त्यांना करायचंही होतं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आवाज खाली आणून म्हणाले, "हेडली, मला काही दिसलं नाही. माझीही नजर आता…"

आणि हेडली म्हणाला, "दिसलंय तुम्हाला. नियम बाबांचा आहे."

बस्स. एवढंच. कप जवळजवळ हातात होता हो! त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला… आणि इतका अभिमान वाटला, की मी दोन पेपरमिंट एकदम तोंडात टाकली.

पण गोष्ट इथेच थांबेल तर मग आमची कसली! मागून ऑस्टिन मंडळाच्या चिटणीस मिसेस थ्रॉप, भलत्या काटेकोर बाई. "जाळीवरून ठरवायचं ना? मग ही ऑस्टिन आहे, आणि आमच्यातलं अजून कुणी पोचलेलंच नाही. म्हणजे पहिली आलेली ऑस्टिन हीच!" आणि चढवलं हो त्याला व्यासपीठावर! ऑस्टिनवाले टाळ्या वाजवतायत, मॉरिसवाले बुटांकडे बघतायत, मॉरिसचा कप दुसऱ्या नंबरच्या पोराला गेला, आणि आमचे हे, काउलीच्या बॅगशॉंचे कुलदीपक, ऑस्टिनचा कप पोटाशी धरून उभे! चेहरा असा, की कुणाचं तरी तान्हं मूल चुकून हातात आलंय आणि आता खाली ठेवता येत नाही. राल्फ सगळ्यांत मोठ्याने शिट्टी मारत होता. डोळे मात्र पुसत होता, मी बघितलं.

परत निघालो. मी मनात म्हटलं, सांगून टाकू का याला बाबांचं, ती दोन खोकी, ती शिंक? एवढ्यात समोरून एक गाडी आली. ऑस्टिन. तिने लांबूनच दिव्याची उघडझाप केली! आमची जाळी बघून! चाळीस वर्षांत पहिल्यांदा एका ऑस्टिनने आम्हाला ओळख दिली. हेडली गोंधळला. खिडकीबाहेर बघितलं, नेमकी गाईगुरंही नव्हती. मग… मग हळूच हात वर केला त्याने. आणि पुढच्या वळणापर्यंत गालातल्या गालात हसत होता. मी नाही सांगितलं काही.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं, मिटलं. मिटलं? ऐका. हेडलीने गाडी चालवणं सोडलं, पण रोज पुसतो. मी म्हटलं, "अरे, राल्फची जाळी परत दे." तर हा मलाच शिकवतो, "राहू दे गं, काय फरक पडतो? गाडी तीच, नाव तेवढं निराळं!" मला! हे मला! आणि तिकडे राल्फने ती मेंढ्याने चेपलेली मॉरिसची जाळी ठोकून ठोकून सरळ केली, तुटलेल्या दोन पट्ट्या डाग देऊन जोडल्या, ती स्वतःच्या गाडीला लावली, आणि रविवारी जेवायला आला तेव्हा भाजलेल्या बटाट्यावर सॉस ओतत म्हणतो कसा, "काही म्हण हेडली, मॉरिसच्या जाळीतून हवा जरा जास्तच छान खेळते. घरंदाज आहे." हेडली काटा खाली ठेवून उसळला, "हवा? अरे, ऑस्टिनच्या बारीक पट्ट्यांपुढे तुझ्या त्या जाड पट्ट्या…" आणि झालं सुरू! तेच भांडण, तेच आवाज, नुसत्या खुर्च्या बदलल्या! आणि मग दोघेही माझ्याकडे वळून, "ऑड्रे, तू सांग, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

मी कुठे असणार? मी उठले, ताटं गोळा केली आणि ओट्यापाशी गेले. राल्फ आता मॉरिसवाला झालाय ना, त्यालाही मोजा लागतो. मी आपली दोन्ही हातांत डावे मोजे चढवून भांडी घासतेय.