डुकरिणीच्या पोटावरचा ओला चिखल

मंडळी, आज एकच सवाल घेऊन देवासमोर उभा आहे. दुसरा जीव समोर आला, तर आधी हत्यार उचलायचं, की आधी त्याच्याकडे नीट बघायचं? घाईनं उत्तर देऊ नका! खांबाला टेकून पेंगणारे भिवसेनअण्णा, तुम्ही तर मुळीच नको!

ऐका. फार जुना काळ. शेती नाही, घर नाही, गुरं नाहीत. डोंगराच्या कपारीत दहा-बारा माणसं राहायची. त्यांना नावं होती की नाही, देव जाणे! आपण ठेवू. त्यांच्यातली जाणती म्हातारी, ती रानाई. तिचा लेक दगडोबा — हातात दगडी टोकाचा भाला, आणि डोकंही, रानाई म्हणायची, त्याच दगडाचं!

उन्हाळा असा पेटला, की नदी आटली. दगडोबाची बायको चार दिवसांची बाळंतीण. ओठ फुटलेले, दूध आटलेलं, उठवत नव्हतं. बाळ रडायचं... मग रडणंही बारीक झालं. आता पाणी मिळालं नाही, तर दोघं जाणार!

दगडोबानं काय केलं? पावसाळ्यात जिथं खोल डोह असायचा, तिथं नदीच्या मधोमध खणलं. सकाळपासून खणलं. बोटं सोलली. हाती काय? गरम वाळू! मंडळी, जिथं पूर्वी मिळालं तिथंच माणूस उकरत बसतो. आपण तरी दुसरं काय करतो?

इतक्यात काठावरच्या झुडपातून एक रानडुकरीण निघाली. मागं चार पिल्लं. दगडोबानं भाला उचलला! रानाईनं त्याचं मनगट धरलं.

"सोड आई! मांस खाऊ, अंगात बळ येईल, बायकोला पाठीवर घेऊन डोंगर ओलांडीन!"

"बळ येईल. पण डोंगरापलीकडे पाणी आहे, हे कुणी सांगितलं तुला?"

"मग काय हिची आरती ओवाळू?"

"तिचं पोट बघ, गाढवा!"

दगडोबानं पाहिलं. पोटावर चिखल. ओला, काळा चिखल!

अहो, सगळं रान वाळलेलं, आणि हिच्या अंगाला ओला चिखल कुठून? रानाई हळूच म्हणाली, "हिचीही पिल्लं पिणारी आहेत. दूध उतरायला तिलाही पाणी हवंच. ती कुठून आली ते बघायचं. तिला मारून मांसातच गुंतलास, तर तिची वाट कोण शोधील?"

भाला खाली आला. सोपं वाटतं का? पोटात आग, समोर मांस, आणि हात आवरायचा!

दोघं तिच्या खुरांच्या खुणा धरून उलटं चालत गेले. नदीच्या वळणावर, जांभळीच्या मुळांशी, काठाच्या सावलीत माती उकरलेली. मुस्काटानं केलेला खड्डा! दगडोबानं काठीनं खणलं. हातभर... दीड हात... आणि तळाशी पाणी झिरपलं! गढूळ, पण गार! बोला, विठ्ठल विठ्ठल!

त्यानं पळसाच्या पानात पाणी नेलं, बायकोच्या ओठाला लावलं. दुसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. बाळ असं कडाडून रडलं, की सगळी कपार हसली!

संध्याकाळी डुकरीण पुन्हा आली. दगडोबा खड्ड्यापाशीच होता. भाला हाताशी होता. काय केलं त्यानं? उठला, चार पावलं मागं सरला आणि म्हणाला, "पी बाई, आधी तू पी."

तेव्हापासून त्यांचा रिवाज ठरला: शिकार रानात करायची, पाण्यावर नाही. पाण्यावर बसून फक्त बघायचं — कोण कधी येतं, कुठून येतं, कशाला बिचकतं. माणसाला नखं नव्हती, सुळे नव्हते. या बघण्यानंच तो तगला, मंडळी!

आणि आपण? सकाळी गाय दावं ओढते, आपण काठी शोधतो. अहो, तिच्या खुरात काटा असेल, वासरू दूर बांधलेलं असेल, पाण्याला वास येत असेल! उद्या गोठ्यात जाल, तेव्हा काठी दाराबाहेर ठेवा. घटकाभर तिच्याजवळ उभे राहा. नामस्मरण मग करा. देवाला घाई नाही, ती तहानलेली आहे!