तक्रार नंबरावरची जांभई

…नाही हो, सकाळी अकराला आमचा फोन लागणारच नाही, कितीही वेळा करा! तेव्हा सासूबाई बोलत असतात. कुणाशी? आमच्या ह्यांच्याशी. हे कुठं असतात? ऑफिसात. पण त्या बोलतात ते ह्या ह्यांच्याशी नाही, सोळा वर्षांच्या ह्यांच्याशी… थांबा, नीट सांगते, लाईनवर राहा.

तर आमचे हे सोळा वर्षांचे असताना एका वर्षात सहा नोकऱ्या! चपलांच्या दुकानात जोड्या लावायला ठेवलं, तर एका खोक्यात दोन्ही डावे पाय भरून घरी. 'काय झालं रे?' 'कंटाळा आला. सोडली.' छापखान्यात पानं मोजायला ठेवलं, तर मोजता मोजता झोपले. बरण्यांना झाकणं लावायच्या कारखान्यात चार दिवस. काचेच्या दुकानात तर अर्धाच दिवस, तिथं कंटाळा यायच्या आत काच फुटली. दर वेळी भर दुपारी दारात उभे, आणि सासूबाई ताट वाढता वाढता म्हणायच्या, 'अरे, कुठंतरी टीक की मेल्या!'

सहावी नोकरी विजेच्या तक्रारींच्या ऑफिसात. तिथं टेपवर एक निरोप बोलायचा होता, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया लाईनवर राहा.' बस, एवढंच. साहेबांनी चौदा वेळा म्हणवून घेतलं, आणि पंधराव्या वेळी 'महत्त्वाची'च्या मधोमध ह्यांनी अशी लांबलचक जांभई दिली, की काय सांगू! पण तोवर साहेबही कंटाळले होते, म्हणाले, 'राहू दे, कोण ऐकतंय.' अकराव्या दिवशी हे घरी. निरोप मात्र तिथंच राहिला. तीस वर्षं! माहेरी आमची वीज गेली की मी ती जांभई ऐकायचे, आणि मग घरभर सगळे जांभया द्यायचो. पुढं त्याच जांभईशी लग्न होणार, हे मला काय माहीत?

हसू नका हो. गेल्या वर्षापासून सासूबाईंचं विसरणं वाढलं, ह्यांना ओळखेनात. टक्कल पडलेला सेहेचाळीस वर्षांचा माणूस समोर दिसला की खुर्ची पुसून देतात. 'बसा साहेब. आमचं पोरगं नीट काम करतं ना?' आणि रोज अकराला तो तक्रारीचा नंबर फिरवायच्या. घरात वीज असायची हो, दिवा लख्ख! मी एकदा फोनला कान लावला आणि अंगावर काटाच आला. हे माझ्या शेजारी उभे, आणि तिकडूनही हेच बोलतायत, आवाज नुकता फुटलेला. सासूबाई विचारतात, 'डबा खाल्लास का?' तो पोरगा म्हणतो, 'कृपया लाईनवर राहा.' आणि त्या राहतात, तासभर. हे दारातून बघतात आणि मला हळूच म्हणतात, 'मला त्या पोराचा फार राग येतो गं.'

मग काय झालं, कंपनीनं मशीन बदललं. कुणीतरी बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणायला लागली. सासूबाईंनी फोन ठेवला. 'सोडली वाटतं हीपण,' म्हणाल्या, आणि दारात जाऊन उभ्या. नोकरी सोडली की पोरगं दुपारी घरी येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक ना! तीन दिवस उभ्या हो, पाय सुजले, बसायला तयार नाहीत. चौथ्या दिवशी हे सुट्टी टाकून भर दुपारी आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, 'आई, कंटाळा आला. सोडली.' सासूबाईंनी पदर सावरला, ह्यांच्या मागं रस्त्यावर बघितलं आणि विचारलं, 'साहेब, तो नाही आला तुमच्याबरोबर?'

ह्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी अकराला ह्यांनी ऑफिसातून घरी फोन लावला, सासूबाईंनी उचलला, मी शेजारी कान लावून. 'आपली तक्रार आमच्यासाठी…' 'कोण बोलतंय?' आवाज जाडा झालाय ना! पुन्हा म्हणाले, पुन्हा 'कोण बोलतंय?' अर्धा तास तेच. शेवटी थकून, अगदी खरोखर थकून, ह्यांना जांभई आली… आणि सासूबाई फुलल्याच! 'लागलास होय रे परत कामाला? डबा खाल्लास?' 'हो आई,' हे म्हणाले. तिकडं रडत होते की काय, देव जाणे.

तेव्हापासून रोज अकराला. आणि तुम्हाला सांगते, खोटी जांभई चालत नाही! दोनदा खोटी काढून बघितली, लगेच, 'कोण तुम्ही?'

परवा ह्यांना बढती आली. फिरतीचं काम, रोज नवी जागा, नवी माणसं. तेवीस वर्षं आवक-जावकच्या एकाच टेबलावर काढल्यावर! मला वाटलं, आता हे पेढ्यांचं खोकं घेऊनच येतील. पण ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. साहेब चक्रावलेच, 'अहो, पण का?' तर आमचे हे काय म्हणाले असतील? 'ह्या टेबलावर कंटाळा फार चांगला येतो साहेब, मला इथंच राहू द्या.'