डावीकडे ओढणारी जीप

बायांनो, तुमच्या गाडीची स्टिअरिंग बिघडली म्हणता, तर आमच्या जीपचं ऐका. सासू मला सणाशिवाय माहेरी जाऊ द्यायची नाही. पण सडक अर्जुनीचा बाजार करून परतताना माझ्या माहेरचा फाटा आला, की जीप डावीकडे ओढायची. आमचे हे म्हणायचे, “मी काय करू? स्टिअरिंग ऐकूनच नाही राहिली!” मग मायच्या हातचा चहा पिऊनच आम्ही घरी. सासू दारातच, “काऊन उशीर झाला रे?”

“स्टिअरिंग, माय!”

हे गेले. आता जीप पोरगा चालवणार, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, “डावीकडे ओढते. नीट पाहा.” त्यानं टायरची हवा पाहिली, खाली झोपून एकेक सांधा हलवला. मग मला बाजूला बसवून त्याच सडकेवर आला अन् बाजाराकडून परतताना हात सोडले. जीप सरळ गेली. फाटाही मागे पडला.

“भाभी, हिच्यात काहीच खराबी नाही. कोन म्हनलं ओढते?”

इतकी वर्षं कोण वळवत होतं, ते तेव्हा कळलं मला.

“मागं घे. फाट्यावर डावीकडे वळव.”

“काऊन? तिकडे कोन हाय?”

“आता कोनी नाही. वळव म्हनलं ना!”