डबा ठेवला होता हो मी दाराबाहेर!

माझी काही चूक नव्हती हो! तुम्हाला सांगते, गुण मोजायचं माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, फाइलमध्ये शहाण्यासारखं बसलं होतं... आणि अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता! शाळेचं कॉम्प्युटर प्रदर्शन, आमची प्रश्नमंजूषा, पाहुण्यांनी उत्तरं देऊन बटण दाबलं, आणि गुण? येईचनात! स्क्रीनवर लाल अक्षरं, म्हणे या नावाचं कोणी माहीत नाही! स्क्रीनवरचं पान केलेलं माझ्या वर्गातल्या तनयने, गुण मोजायची फाइल माझी, तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "सुखदाने लिहिलंच नाही वाटतं." लिहिलं नाही? अरे, आत सगळं आहे!

आता अशी एकेक फाइल म्हणजे मॉड्यूल, आणि ते कसं, आमच्या बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटसारखं. आत तुम्ही काहीही शिजवा, शेजारच्याला पत्ता नाही! त्याला द्यायचं तर डबा दाराबाहेर ठेवायचा, हे झालं एक्स्पोर्ट. पण डबा काय चालत जाणार आहे? त्याने येऊन, नाव घेऊन उचलायला नको? ते इम्पोर्ट! मी डबा ठेवला होता हो... हा आलाच नाही!

पण हे बोलायचं कसं? माझं असंच होतं, आत सगळं आहे, तोंडातून काही निघत नाही. भाग्यलक्ष्मी मिस घाई करतायत, "सुखदा, स्वल्प फास्ट, मा!" तनय गालात हसतोय. आई मागच्या रांगेतून, "अगं, बोल की गं!" पाहुणे घड्याळ बघून उठायला लागले, आणि माझं मलाच कळलं नाही, मी ओरडले, "तनय! मी एक्स्पोर्ट केलंय, तू इम्पोर्टच केलं नाहीस!"

शेजारी माइक होता. चालू.

तनयने मान खाली घालून एक ओळ टाइप केली, पाहुण्यांनी पुन्हा बटण दाबलं, आणि गुण आले! शून्य. आता तो काही फंक्शनचा दोष नाही!

सगळं इथेच संपायला हवं होतं ना? पण आईशेजारी बसल्या होत्या आपल्या मंडळाच्या वसुमतीकाकू! "अगंबाई, ही बोलते? मग गणपतीच्या कार्यक्रमाला हीच!" झालं, उचलला डबा! मला कोणी विचारलं? आई तर कधीच "हो" म्हणून मोकळी!

म्हणून आज मी इथे, तुमच्यासमोर, घाम पुसत उभी आहे.

आत सगळं होतं हो... आतच बरं होतं!