जोडीच द्या

दुकानदार : एकच गार्ड कसा देऊ साहेब? गुडघ्याचे गार्ड जोडीनंच येतात. उरलेला मी कुणाच्या गळ्यात मारू?

दादा : अहो, पण माझ्या बहिणीला उजव्या पायाला नकोच आहे. गुडघ्याखाली तो पाय... म्हणजे, खरा नाहीये.

बबी : दादा, मी इथेच उभी आहे. मला बोलता येतं. काका, जोडीच द्या, आणि नडगी पूर्ण झाकणारी द्या. डावा पाय मला जन्मताना फुकट मिळाला. उजवा हप्त्यांवर घेतलाय. आता तुम्हीच सांगा, जास्त जपायला कोणता हवा?

दुकानदार : घ्या! जोडी काढतो. बाइक चालवणार कुठं ताई? साध्या रस्त्यावर की...

बबी : डोंगरात. दगडगोट्यांची वाट, मध्ये ओढा, वर चढ. रविवारी पाचसहा जण निघतोय.

दादा : कोणी निघत नाहीये. काका, तुम्ही काही काढू नका. बबे, आई सकाळपासून जेवली नाहीये, माहितीय का?

बबी : आईला गाडीचं सांगितलं कोणी? तूच ना? मग तूच जाऊन जेवायला घाल.

दादा : सांगू नको तर काय करू? गॅरेजवाला भर रस्त्यात मला विचारतो, "तुमच्या बहिणीच्या गाडीचा ब्रेक कसा झालाय?" मला वाटलं, माणसाची काहीतरी चूक होतेय.

बबी : मस्त झालाय. मागचा ब्रेक पायातून काढून हँडलवर घेतलाय. गियर डाव्या पायात आहेतच. उन्हाळाभर मोकळ्या मैदानावर शिकत होते. दर आठवड्याला पडत होते, तरी घरात कुणाला पत्ता नव्हता.

दादा : पडत होतीस! ऐकलंत का काका, पडत होती म्हणे!

दुकानदार : साहेब, मातीत सगळेच पडतात. म्हणून तर माझं दुकान चालतं. ताई, बजेट काय धरलंय?

बबी : बजेट बारीक आहे. गाडीतच सगळं गेलं. कुठं हात आखडायचा ते तुम्ही सांगा.

दुकानदार : मग कपड्यांवर आखडा. ही रंगीबेरंगी जर्सी नको. घरातला लांब बाह्यांचा जाड टी-शर्ट चालेल. पँट कारखान्यात कामाला वापरतात तसल्या जाड कापडाची घ्या, आतून गार्ड बसतील एवढी सैल. छातीचं कवच वापरलेलं देतो. हे बघा, वाकवून दाखवतो. कुठं तडा नाही.

दादा : हेल्मेटही वापरलेलंच देणार असाल!

दुकानदार : छे हो! ते नवंच. जुनं आधी किती वेळा आपटलंय ते वरून दिसत नाही. डोकं आणि पाय, इथं काटकसर करायची नाही. हातमोजे मधल्या भावातले घ्या. ताई, मूठ आवळून बघा. बोटांत कापड गोळा होतंय का?

बबी : होतंय. क्लच दाबताना बोचेल. एक नंबर लहान द्या. आणि हे गुलाबी कशाला काढलेत?

दुकानदार : लेडीजमध्ये गुलाबीच येतं, ताई.

बबी : मग जेंट्समधलं लहान द्या. चिखलात कळतंय कुणाला!

दादा : बबे, मी मस्करी करत नाहीये. एकदा तुला दवाखान्यात बघितलंय मी. पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात.

बबी : कुठं झाला होता तो अपघात? डोंगरात? सिग्नलला उभी होते मी, दादा. गुळगुळीत डांबरी रस्ता, लाल दिवा, इंजिन बंद. टेम्पो मागून आला. नियम पाळूनच पाय घालवलाय मी. आणि तू काय केलंस? मी शुद्धीवर येईपर्यंत माझी गाडी विकून मोकळा झालास.

दादा : तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून विकली.

बबी : तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. मला विचारलं होतंस का? पाय टेम्पोनं नेला, गाडी तू नेलीस. टेम्पोवाल्यावरचा राग कधीच गेला माझा.

दुकानदार : मी... बूट आणतो आतून.

दादा : इतकी वर्षं मनात ठेवलंस?

बबी : मग कुठं ठेवू? तुम्ही सगळे माझ्याशी एवढं हळू बोलत होता की ओरडायला जागाच नव्हती.

दुकानदार : हे बघा, भारीतले आहेत, एका गिऱ्हाइकानं थोडेच दिवस वापरलेत म्हणून तुमच्या बजेटात बसतील. बाजूनं पूर्ण उघडतात. पण ताई, तुमचा तो पाय घोट्यात वाकत नसेल ना? आत जायला त्रास होईल.

बबी : जाईल. आधी पायाला बूट घालायचा, मग मला पाय घालायचा. स्टूल द्या.

(बबी स्टुलावर बसून उजवा पाय काढते.)

बबी : घ्या काका.

दुकानदार : मी? नको, माझ्या हातून काही मोडलं-बिडलं तर?

बबी : तो मोडत नाही हो. बरं, दादा, तू धर.

दादा : मी कसा...

बबी : दोन हातांनी. बाळ नाहीये, रडणार नाही.

दादा : बबे, हा एवढा जड आहे?

बबी : आहे थोडा.

दादा : हा लावून तू तिसऱ्या मजल्यावर चढतेस? पाण्याचा डबा हातात घेऊन?

बबी : रोज. संध्याकाळी चटके बसतात, तेव्हा दार लावून बसते. पण गाडीच्या फुटरेस्टवर उभी राहिले ना, की जड लागत नाही. चालताना लोक मागं वळून बघतात, दादा. गाडीवर असले की वळेपर्यंत मी पुढे गेलेली असते. तेवढ्यासाठी मी दहादा पडेन. ढकल, टाचेकडून ढकल.

दादा : ढकलतोय. बसला वाटतं. बकल घट्ट लावू?

बबी : वरचं जरा सैल राहू दे. आण इकडे. हं, झालं. टाच थोडी उंच आहे, पाय बनवणाऱ्याकडून बसवून घेईन. काका, हेच द्या.

दादा : मला पटलेलं नाहीये, सांगून ठेवतो.

बबी : नको पटू दे. मी विचारायला आलेच नव्हते.

दुकानदार : ताई, एकदा दारापर्यंत चालून बघा. नंतर बदलून मिळणार नाहीत.

दादा : थांब, फरशी गुळगुळीत आहे. हात दे.

बबी : हात नको. बाजूला हो, वाटेत उभा आहेस.

दादा : हा बघ, झालो.